बिछायत केंद्र

उमरेडच्या बंद पडलेल्या टॉकीजच्या लिलावात
शेषराव घाटोळ्यांनी चाळीस लोखंडी खुर्च्या उचलल्या
आणि प्रत्येकीच्या पोटाखाली पांढऱ्या रंगात लिहवून घेतलं : शे. घा.
अक्षरं माझ्या हातची.
मी तेव्हा सोळा वर्षांचा, घ काढला की ध व्हायचा,
म्हणून पहिल्या दहा खुर्च्या आजही शे. धा. आहेत.

"मोजून देजो, मोजून आणजो,"
एवढंच शिकवलं त्यांनी धंद्याचं.
गंज, झारे, पराती, सतरंज्या, कनाती, माईक,
सगळ्याचं भाडं ठरलेलं. घासाघीस नाही.
फक्त तेरवीचं भाडं घेत नसत.
त्यासाठी वेगळी वही, शाळकरी, मागे पाढे छापलेली :
मेलेल्याचं नाव, वॉर्ड, खुर्च्या किती,
आणि भाड्याचा रकाना कोरा.

सगळ्या पक्षांच्या सभांना मंडप आमचाच.
निकालानंतर हरलेल्याकडे उधारी मागायला मी जायचो,
जिंकलेल्याकडे ते स्वतः.

नगरसेवक, नगराध्यक्ष, मग आमदारकीचं तिकीट.
त्या रात्री त्यांनी पाढ्यांची वही मागवली.
अकरा वर्षांच्या तेरव्या. दारोदार फिरलो.
"तुमच्या बाबूजीच्या वेळेस ऐंशी खुर्च्या होत्या न बाई?"
बाई पदर डोळ्याला लावायची
आणि मी वहीत बारीक बरोबरची खूण करायचो.
हात जड झाला होता का?
खरं सांगतो, नव्हता. आम्ही जिंकत होतो.

मग मुंबई. मग राज्यमंत्री, खातं असं
की नाव सांगता सांगता चहा निवायचा.
दुकान माझ्यावर.

डिसेंबरात सरकार नागपूरला आलं, अधिवेशनाला.
टेकडी रोडवर अंगणवाडीच्या बाया
तिसऱ्या दिवशीही डांबरावर,
लेकरं मांडीत, संत्र्याच्या साली बाजूला,
पुढे पोलिसांनी बांधलेले बांबू.
ज्या मंत्र्याने निवेदन घ्यायचं ते हेच.
गेले नाहीत. वरून निरोप होता म्हणे.
रात्री साडेअकराला फोन :
"मोकळ्या खुर्च्या किती हायेत?"
दोनशे, म्हटलं.
"धाडून दे. माह्यं नाव नोको सांगू."

पहाटे टेम्पोतून उतरवल्या. लोखंड हाताला चावत होतं.
एका म्हातारीने बसण्याआधी खुर्ची उलटी केली,
अक्षरं वाचली,
नीट सरळ करून ठेवली
आणि खाली डांबरावरच बसली.
बाकीच्या बसल्या खुर्च्यांवर.
तिच्या शेजारची दिवसभर रिकामी.

परत आल्या एकशे त्र्याण्णव.
मी आकडा कळवला. पलीकडे टीव्ही चालू होता.
"असू दे," म्हणाले.
तीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या निवडणुकीत पडले.
कोणी म्हणे जात, कोणी म्हणे पैसा उशिरा सुटला.
मी गप्प राहिलो.
त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात
मी तेरवीचं भाडं घ्यायला लागलो होतो.
निम्मंच. पण घेत होतो.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता संध्याकाळी ते दुकानात येऊन बसतात,
साखर वाढलीय, बिनसाखरेचा चहा बशीत ओततात,
पोरांना ओरडतात, कनात ओली घडी करू नका.
वहीबद्दल विचारत नाहीत.

परवा इतवारीत दोर घ्यायला गेलो.
तर्री-पोह्याच्या गाडीशी एक लोखंडी खुर्ची होती.
बसण्याआधी वाकून पाहिलं :
शे. धा.
"तर्री जास्त देऊ?" पोहेवाल्याने विचारलं.
दे म्हटलं.
खाल्लं, पैसे दिले,
खुर्ची मागे उभ्या माणसाकडे सरकवली.

उमरेडच्या बसमध्ये कितीदा तरी
मनातल्या मनात आकडा दुरुस्त केला :
एकशे चौऱ्याण्णव.