कळ

नाव काढायचं. जन्मतारखेतलं फक्त वर्ष ठेवायचं.
नव्वदीपुढच्या सगळ्यांना एकाच वयाचं करायचं.
पोस्टकोडाचं शेपूट छाटायचं.
एखाद्या रकान्यात पाचाहून कमी माणसं निघाली
तर आकडा लिहायचा नाही, चांदणी काढायची.
ग्रिम्झबीच्या इस्पितळात, तळघरात, बॉयलरशेजारी
सहा वर्षं मी हेच करते.
(गाव बदललंय, सवयीने. बॉयलर खरा आहे.)
संशोधकांना आजार हवा असतो,
माणूस परस्पर वजा करून.

मातृभाषा मराठी: एकूण चार.
चांदणी काढली.
त्यात एक मी, एक माझा नवरा.
उरल्या दोघी. दोघींच्याही घरी जेवले आहे.

मंगळवारची फाइल.
यंत्राने आधीच काळ्या पट्ट्या मारलेल्या,
रात्रपाळीच्या नर्सचं टिपण त्यांच्या फटींतून:
पेशंट म्हणते ▇▇▇ रात्री येतो.
▇▇▇ आला की तिला उभं राहवत नाही.
▇▇▇ कोण, असं विचारलं. नुसती रडली.
घरात कुणी मारतं का, चौकशी व्हावी.

मूळ पान उघडलं.
पट्टीखाली तीन इंग्रजी अक्षरं. के, ए, एल.
यंत्राला वाटलं, पुरुषाचं नाव.
नर्सलाही तेच वाटलं.

अगं बाई, कळ.
कळ येते गं तिला, बेंबीपासून पाठीपर्यंत.
येतो नाही, येते.

मला कळलं.
कळायला नको होतं तेही त्याच क्षणी कळलं,
कारण दोघींतल्या एकीचं पित्ताशय
केव्हाच काढून झालंय.

नियम असा, की ओळख पटली
तर फाइल लगेच दुसऱ्याकडे द्यायची.
दुसरी म्हणजे बेरिल. बेरिलला कुठून येणार कळ?
म्हणून आधी पट्टी उचलली, तिथे लिहिलं
वेदना, थांबून थांबून.
इंग्रजीत फारच सपाट दिसली.
वॉर्डला दोन ओळी धाडल्या,
हा शब्द कुणी माणूस नाही.
मग सेव्हची कळ दाबली
आणि बेरिलला म्हटलं, ही तू बघ. मी हिला ओळखते.
बेरिलने कोण ते विचारलं नाही.

शनिवारी बाजारात ती भेटली.
कशी आहेस? बरी आहे गं.
बरं, म्हटलं.
पुढचं सगळं जिभेखाली ठेवलं, गोळीसारखं.

तिच्या हातातली पिशवी मी घेतली.
एवढी काही जड नाहीये, ती म्हणाली.
माहीत आहे, म्हणणार होते.
म्हटलं, असू दे.