एकशे चौदा अंश

पाटीवर 'हबीब ऑटो, वडनेर' इतकंच.
आत मळक्या टॉवेलवर दोन कॅमशाफ्ट निजवलेले.
एक कोइम्बतूरहून पार्सलनं आलेला,
दुसरा नागपुरात घासून घेतलेला,
ज्याच्या ग्राइंडरवाल्यानं दोनदा विचारलं होतं,
नक्की ना? एवढाच?

भोजराज ठमकेच्या जिप्सीला सुपरचार्जर बसतोय,
भंगारातल्या कुठल्याशा परदेशी गाडीचा,
डब्यासारखा, पट्ट्यावर फिरणारा.
ब्रॅकेट मी कापलं. चार वेळा.
तीन वेळा चुकीचं.

भोजराजला पार्सलवाला हवा.
दोनशे अठ्ठ्याऐंशी अंश, नाकं उंच,
उभ्या गाडीत ढगाक ढगाक करणारा,
पानठेल्यावरच्यांनी मान वळवावी असा.
मोबाईलवर त्यानं तो आवाज सतरा वेळा ऐकवला.
मलाही आवडला, खोटं कशाला बोलू.

मिस्त्रीनं ऐकलाच नाही.
त्याचा डावा कान हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये राहिला,
बावीस हंगाम, ब्लोअरशेजारी.
तो कॅम अंगठ्यानं पाहतो,
नाकावरून उतारावर, उतारावरून पाठीवर,
जसा व्यापारी चिमटीत कापूस ओढून
धाग्याची लांबी सांगतो, आणि भाव मात्र सांगत नाही.

"पाय पोरी," तो मला म्हणाला, भोजराजला नाही,
"साधं इंजिन हवा ओढून घेते.
त्याले दोन्ही दारं जराशे संगच उघडे लागतेत,
जाणाऱ्याच्या ओढीनं येणारा आत येते.
याले तं आपून ढकलून देऊन रायलो.
ब्लोअर चालू, पुढचं दार उघडं, मागचंबी उघडं,
तं कापूस कुठी जाईन?"

रोडावर, मी म्हटलं.

"रोडावर. अन् पेट्रोल बी."

मग शटरवर खडूनं दोन टेकड्या काढल्या,
एकमेकींच्या पायात पाय घातलेल्या.
खाली आणखी दोन, पाय आखडून बसलेल्या.
वरच्या जोडीतला मधला तिकोन
त्यानं तळहातानं पुसला.
एकशे सहा. एकशे चौदा.
दोन नाकांमधलं अंतर, फरक फक्त आठचा.
एक्झॉस्टला मात्र सहा अंश वाढवून दिलेले.
ते का, भोजराजनं विचारलं, जरा चिडूनच.

"येणाऱ्याची काळजी नको, त्याले ढकलाले मशीन हाय.
जाणाऱ्याले येळ दे."

माझ्या खिशात चाकणच्या कंपनीचा कागद होता,
आठ दिवसांचा, घामानं मऊ पडलेला.
मी पान्हा पुसत राहिले.

बाहेर शेहेचाळीस. हवा आधीच तापलेली,
डब्यातून दाबून निघाली की आणखी तापणार.
दुपारभर आम्ही कॅम लावला.
डिग्रीचं चाक म्हणजे स्टीलची जुनी ताटली,
तिच्या काठावर मीच कोरलेल्या रेघा,
आणि मागे अजून कोणाचं तरी लग्नातलं नाव.

सुरू झाली ती अगदी शहाण्यासारखी.
सुर्र. बस.
भोजराजचं तोंड उतरलं.
"हे तं सासुरवाडीले जायाची गाडी झाली," म्हणाला,
आणि दारोड्याच्या दिशेनं निघून गेला.

आम्ही चहा सांगितला. चहा आला, साय धरली.
मिस्त्री उजवा कान रस्त्याकडे करून बसला,
काही सांगत नव्हता.
परत आल्यावर भोजराज दोन पेले पाणी प्याला.
काटा सातच्या वर गेला म्हणाला, एवढंच.
जानेवारीपासूनची उधारी मोजून दिली,
वर शंभर जास्त, ते मिस्त्रीनं परत केले.

पार्सलवाला कॅम न्यायला तो विसरला,
की विसरल्यासारखं केलं.
काही दिवस तो बिलांवर वजन म्हणून होता.
आता मागचं दार वाऱ्यानं आपटतं,
म्हणून मिस्त्रीनं त्याला उंबऱ्याशी आडवा लावलाय.
दार दिवसभर उघडं राहतं.
झळ शटरखालून आत येते,
बाकावरचे कागद जरा हलवते,
त्यातला माझाही,
आणि मागून निघून जाते.