तीस मिलीची आच

थंड पेयाचे दोन रिकामे डबे, बुडाकडून कापलेले.
कात्री नको, इनास म्हणाला होता, पत्रा फाटतो.
जाड वहीत ब्लेड खोच
आणि डबा फिरव. ब्लेड नाही, डबा.
फिरवत बसले.
कितव्या तरी फेरीला टक् झालं
आणि कडा सुटली, रेशमाचा धागा कापेल अशी.

एक बूड दुसऱ्या बुडात बसवायचं.
बसत नाही.
दुपार गेली, अंगठ्याला दोन पट्ट्या.
मग कडेनं सोळा भोकं, टाचणीनं,
मोजून, आणि तरी एक वाकडं.
किराणावाल्याच्या काट्यावर चौदा ग्रॅम.
"काय आहे हे, मावशी?"
चूल, म्हटलं. तो हसला. हसू दे.

मुलगाही विचारतो : पाइपचा गॅस आहे, इंडक्शन आहे,
मग हे?
जानेवारीत आम्ही पाच जणी रतनगडावर जाणार,
पाचही टेलिफोन खात्यातून निवृत्त,
दहा गुडघ्यांपैकी सहा चांगले.
सिलिंडर कोण वाहणार?

मरोळ गावठाणात, क्रुसामागच्या गल्लीत
इनासचं पॉलिशचं खोपट होतं.
लाख, स्पिरिट, चिंधीची गुंडाळी,
सागाच्या दारात आपलं तोंड दिसेपर्यंत
हातावर हात.
आता सगळीकडे सनमायका.
उरलेलं स्पिरिट त्यानं मला दिलं, वर बजावलं :
विष आहे हे. बाटलीवर लिही.
आणि बंद खोलीत पेटवायचं नाही.

म्हणून गच्ची, टाकीचा आडोसा.
डोक्यावरून विमानं उतरतात, इतकी खाली
की चाकं मोजता येतात.

पहिल्या दिवशी आच पवईकडे निघून गेली.
दोन कप पाणी, अकरा मिनिटं, कोमट.
दुसऱ्या दिवशी रंगाच्या डब्याचा पत्रा
गोल वळवून भोवती उभा केला,
इतका जवळ, की आच गुदमरली.
बोटभर फट हवी. खाली भोकं हवीत.
आगीलाही श्वास लागतो, हे मला
पस्तीस वर्षं रोज चूल पेटवून कळलं नव्हतं.
तिसऱ्या दिवशी उंची.
सायकलच्या आऱ्या वाकवून तिवई केली.
दोन बोटांवर ज्योत चेपते,
तीन बोटांवर नुसती हवा तापते.
अडीच. आणि वर झाकण, झाकण विसरायचं नाही.
सात मिनिटं चाळीस सेकंद. वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.

चौथ्या दिवशी ऊन.
चूल गप्प. वाटलं, संपलं.
बाटली उघडली, वाकले,
आणि इनासनं माझं मनगट धरलं.
जिना चढून तो कधी आला होता, कळलंच नाही.
बोलला नाही.
खिशातून पेरूसाठी आणलेली मिठाची पुडी काढली,
चिमूटभर वरून सोडलं.

पिवळी.
वीतभर उंच, सोळा पाकळ्यांची,
मघापासून तिथंच होती.

त्यानं बाटलीचं बूच लावलं, लांब ठेवली.
डाव्या हाताची शेवटची दोन बोटं
एकमेकांना चिकटलेली, कातडी लाखेसारखी चकचकीत.
इतकी वर्षं मला वाटायचं, जन्मापासूनचं.
"भर दुपार होती," तो म्हणाला,
"मी म्हटलं, विझलंय.
एवढंच म्हटलं."

मग आम्ही काळा चहा घेतला, एकाच पेल्यातून आळीपाळीनं,
कारण दुसरा खाली राहिला होता.
त्याला गोड कमी लागलं.

काल सामान बांधताना यादी वाचली :
चूल, पत्रा, तिवई, स्पिरिट, काडेपेटी दोन,
मीठ, वेगळ्या पुडीत, वरच्या कप्प्यात.
कुमुदिनीनं विचारलं, अंड्यांसाठी?
हो, म्हटलं. अंड्यांसाठीही.