कवडूच्या रेघा

शेठ,
तुम्ही मागितलेला अहवाल असा आहे.

तीन डबे आले होते ट्रायलला, नागपूरहून.
खोक्यांवर थंडगार निळा रंग
आणि टाय घातलेली दोन माणसं, हसताना.
खाली बारीक अक्षरात: चाळीस अंशांपर्यंत.
आपल्या केबिनच्या पत्र्याखाली
होळीच्या आधीच एक्केचाळीस असतं.
हे मी पहिल्या रकान्यात लिहिलं.

पहिला डबा सगळ्यात महाग.
आठ पोर्ट, दोन लाइनी, स्वतःची फायरवॉल,
वणीच्या गोडाऊनपर्यंत कुलूपबंद जाणारा डेटा.
वेग मोजला. कागदावर होता
त्याहून थोडा जास्तच भरला.
त्याला एक पंखा होता, एवढासा,
रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा.
अकराव्या दिवशी तो कुरकुरला,
तेराव्या दिवशी गप्प.
उघडला, तर आत रुई.
पिंजलेली, पांढरीशुभ्र,
तान्ह्याच्या उशीत भरावी अशी.
आपलाच माल, शेठ. एकोणतीस एमएम.

कंपनीचा पोरगा फोनवर म्हणाला,
"सर, एसी सर्व्हर रूममध्ये ठेवा ना."
मी खिडकीतून पाहिलं.
सरकीच्या ढिगावर दोन बकऱ्या चढल्या होत्या.
"बरं," म्हटलं.

दुसऱ्याला पंखाच नाही, नुसत्या लोखंडी फासळ्या.
हात लावला तर चटका बसायचा,
पण पंधरा दिवस धापला नाही.
फक्त एक लाइन गेली की सिमवर यायला
त्याला पन्नास सेकंद लागायचे.
पन्नास सेकंद म्हणजे किती, हे
वजनकाट्यावरच्या मायाताई नगराळेंना विचारा.
काट्यावर ट्रॉली, ट्रॉलीत तेवीस क्विंटल,
मागं हॉर्न, पुढं स्क्रीनवर फिरणारं चक्र,
आणि खिडकीत तीन मुंडकी:
"पावती काऊन नाई निघून राह्यली वो, बाई?"
ताईंनी ड्रॉवरमधून कार्बनचं जुनं बुक काढलं.
ते पहिल्या झटक्यात चालू झालं.

तिसऱ्याबद्दल लिहायला मला काहीच अडलं नाही.
त्याचा लॉग स्वच्छ.
पंधरा दिवस. लाइन बंद: शून्य वेळा.
मी तसंच टाइप केलं,
प्रिंट घ्यायला उठलो, तर
गेटवरचा कवडू आत्राम म्हणाला,
"शून्य? भिंत पाह्यली का तुमी, साहेब?"

त्याच्या खुर्चीवरून, जाळीतून,
डब्याचा दिवा सरळ दिसतो.
हिरवा असला तर काही नाही.
लाल झाला की खडूची एक रेघ.
चार उभ्या, पाचवी आडवी,
ट्रकमध्ये गाठी चढताना मोजतो तशी.
एकतीस.
रात्रीच्या वेगळ्या, खाली, थोड्या वाकड्या.
कोणी सांगितलं होतं त्याला?
कोणीच नाही.
"बसल्या बसल्या काय करू?
थो लाल झाला का मले बरं नाई वाटत."

मग कळलं. तिसरा डबा पडतो
आणि उठताना सगळं विसरून उठतो.
त्याच्या हिशेबात
तो कधी पडलेलाच नसतो.

तेव्हा शेठ, शिफारस दुसऱ्याची.
सोबत कार्बनची सहा बुकं,
आणि खडूचं एक खोकं,
तो खर्च किरकोळमध्ये टाकावा.
पुरावा म्हणून भिंतीचा फोटो जोडतो आहे.
उन्हामुळे वरच्या रेघा फिक्या आल्यात,
झूम केलं की दिसतील.

तूर्त लाइनवर तिसराच आहे.
फोटो नव्वद टक्क्यांपर्यंत गेला
आणि थांबला.
गेटकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

तुम्हाला पोचेल त्या फोटोत
एक रेघ कमी आहे.