लाळेरं

मी झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवतो.
चाळीस वर्षांत तीनशे महाल, तेवढीच जंगलं,
आणि नदी एकच, सगळ्या नाटकांना पुरलेली.
कुठं जागा कोरी दिसली की मालक म्हणतो,
बुवा, इथं काहीतरी टाका. मोर टाका.

म्हणून सुगतनं विहाराच्या भिंतीवर
जपानी चित्रांचा सिनेमा लावला तेव्हा
मी आधी मोर शोधला.
नव्हता.
तळ्यात एक लाल चौकट उभी होती.
दोन खांब, वर दोन आडव्या.
दार नाही, भिंत नाही, कुंपण नाही,
तरी पोरगी तिच्याखालून वाकून गेली
आणि पलीकडचं पाणी
वेगळ्या आवाजात हललं.

तोरण होय, मागून कोणी म्हणालं.
मांडव टाकता टाकता सोडून देला, दुसरा म्हणाला.
मला आमची शीव आठवली.
बोडीच्या पाळीवर, मोहाखाली
सागाचे दोन खुंट आहेत, मधून वाट.
जंगलात जाणारा तिथं चप्पल हातात घेतो.
का घेतो, ते माझ्या आज्यालाही माहीत नव्हतं.

मग बराच वेळ सिनेमात काही घडेना.
पानावरचा बेडूक. भाताची वाफ.
रिकामा फलाट, त्यावर सरकत गेलेली सावली.
पोरं चुळबुळली, अटकला का बे?
मी खुर्ची पुढं ओढली.
एवढी कोरी जागा
कोणत्या मालकानं मंजूर केली असेल!

शेवटी शेवटी एक कोरडी नदी येते.
काठावर लहान लहान पोरं गोट्यावर गोटा रचतात.
रचून झालं की वारा पाडतो.
पुन्हा पहिल्यापासून.
सुगत हळू आवाजात सांगत होता,
ही अर्ध्यात गेलेली पोरं.
पल्याड जायला यांच्याजवळ
पुण्य नाही, पापही नाही.
तेवढ्यात काठावरचा एक दगड चालू लागतो.
बोडका, पोराएवढाच, गळ्यात लाल लाळेरं.
अंगरख्याची बाही उघडतो
आणि एकेकाला आत घेतो.

क्षितिगर्भ त्याचं नाव, सुगत म्हणाला,
आपल्याच मुलखातून गेलेला.
नरकात एक जरी उरला
तरी मी बुद्ध होणार नाही, असं बोलून बसला.

ढिवराची भागरता दाराशी उभी होती,
टोपल्यात न विकलेले शिंगाडे.
थो गोटा बोलते का? तिनं विचारलं.
नाही, सुगत म्हणाला.
मंग बरा हाय.

तिचं दीड वर्षाचं पोर बोडीत गेलं
त्याला सहा वर्षं होतील.
तेव्हापासून गावात प्रत्येकानं तिला काही ना काही सांगितलं आहे.
देवाची मर्जी. मागचा जन्म. दुसरं होईल.
मीही सांगितलं होतं. काय, ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर
शिवेच्या गोट्याला लाळेरं होतं.
लाल नाही. पोपटी, बदकाचं,
धुऊन धुऊन विटलेलं,
एका कडेला दुधाचा जुना डाग.
शेंदराला ते शोभत नव्हतं.
पुजाऱ्यानं पाहिलं, काढायला हात नेला,
आणि शेंदूरच लावून परतला.
सुगत तिथून जाताना थांबला.
तो गोट्याला हात जोडत नाही, त्याच्या घरात कोणी जोडत नाही.
खाली बसला,
सुटलेली नाडी पुन्हा बांधली,
दोन वेढे देऊन.

या हंगामात मी नदीचा पडदा नवा केला.
डावीकडं पाणी, उजवीकडं सागाची रांग.
मधोमध हातभर कापड तसंच ठेवलं,
खळसुद्धा लावली नाही.
मालक आला, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं,
चहा घेतला
आणि मोराचे पैसे कापून गेला.