तिसरं प्रकरण

बाणकोटच्या जेटीवर, क्रेट पालथा घालून
मी प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचलं:
रात्रीचे सक्शन पंप, उपसलेली वाळू,
आणि डंपर अडवले म्हणून
अकरा बायकांवर गुन्हा.

चांगुणा पावसे, आरोपी क्रमांक चार,
बांगड्याचं पोट फाडताना म्हणाली,
"बाय, ह्यात खाडी कुठं हाय?
तिची फिर्याद लिवलीस का?"

मी तक्ता पुढे केला.
ओल्या बोटानं ती रकाने चाचपत गेली,
'गुन्ह्याचं स्वरूप'वर थांबली.
शाई फुटली तिथेच.

सोमवारी मंडणगडची एसटी. मांडीवर माझे कागद,
त्यांना मासळीचा वास.
शेजारचा माणूस सरकून बसला.

कोर्टात पुकारा झाला:
क्रमांक चार.
ती उठली, नि फाईल सांभाळत मीही,
कुणी बोलावलं नसताना.