रेघेवरचा शिक्का

गुराडखेडा मतदारसंघ आता नकाशात नाही.
दोन हजार आठच्या फेररचनेत त्याचे तीन तुकडे झाले:
एक इंदूरच्या नव्या वसाहतींना लागला,
दोन शेजाऱ्यांनी घेतले, भावकीत बांध फोडतात तसे.
मोती तबेल्यातल्या आमच्या दफ्तरात
त्याची चाळीस बासनं उरली.
ती चाळून रद्दीचा शेरा मारायचं काम
निवृत्तीआधी माझ्याकडे आलं.

पहिल्या बासनात अण्णांचं अक्षर.
होळकरी अमलात मोडी गिरवलेला हात,
देवनागरीतही लेखणी उचलायची सवय नाही.
सन एक्कावन्न, मौजे बरदाखेडी, घर सतरा:
घीसालाल वल्द पन्नालाल, खाती, वय तीस.
खाली: औरत घीसालाल.
त्यावर तांबडी आडवी रेघ.
नाव सांगत नाही, सबब कमी.

घुंघटाआडून नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.
स्वतःचंही घेत नाहीत, हे त्या दिवशी कळलं असावं.
त्यांनी पुन्हा एकदा विचारलं का?
कागदावर ते नसतं.

पुढच्या यादीच्या वेळी ती आपणहून आली म्हणे, एकटी.
"लिखो. धापू."
माळव्यात पाचवी मुलगी झाली की धापू ठेवतात,
म्हणजे धाप आली, पोट भरलं, देवा आता पुरे.
आईबापांनी ज्या नावानं हात जोडले
ते यादीत चढायला सहा वर्षं लागली.

निकालांचं म्हणाल तर
पहिले चार वेळा ठाकूर उमरावसिंग.
लोक मत देत नव्हते, मुजरा करत होते.
प्रत्येकाची पेटी तेव्हा वेगळी,
त्यांच्या पेटीतून कुंकू निघालं, एकदा चवन्नी.
मग तराजू, मग शिडी, परत तराजू.
कानड्या नाल्यावरच्या धरणाचं भूमिपूजन तीनदा झालं,
नारळ तेवढे फुटले.
नानूराम मालवीय सात वेळा उभे राहिले,
साती वेळा अनामत गेली.
आठव्यांदा पावती मीच फाडली.
"बाबूसाब," म्हणाले, "या खेपेला जपून ठेवतो."
ठेवली असेल. पैसे परत न्यायला आले नाहीत.

पंच्याऐंशी. नेहरू स्टेडियम, पहाटेचे तीन.
पन्नास-पन्नासचे गठ्ठे, गार पोहे, तराजू एका मतानं पुढे
आणि माझ्या टेबलावर ती मतपत्रिका:
शिक्का शिडी आणि तराजूच्या मधल्या रेघेवर,
इतका नेमका की सुताराला जमला नसता.
दोन्ही एजंट ओरडले.
साहेबांनी भिंग मागवलं, चष्मा पुसला, भिंग परत दिलं.
बाद.
शिडीवाले कोर्टात गेले.
तारखा पडत राहिल्या, तोवर पुढची निवडणूक आली.

त्या निवडणुकीत मला बरदाखेडीचंच बूथ.
घर सतरा, बोट पुढे: खरबरीत, शेणाचा वास,
शाई नखाच्या भेगेत उतरली.
मी उगाच विचारलं, मावशी, मागच्या खेपेला गाजलं होतं तुमचं गाव.
ती हसली.
"दोई म्हारा भाणेज था. किनके रोवाड़ती?"
दोघंही भाचेच. रडवायचं कुणाला?

मी पुढचं नाव पुकारलं.
असं ऐकलेलं लिहून ठेवायला आमच्याकडे नमुना नाही.
आणि ती पत्रिका तिचीच कशावरून?
गठ्ठे होण्याआधी साऱ्या गावांची मतं कालवतात.
एखाद्या म्हाताऱ्याचा हातही थरथरला असेल.

शेवटच्या बासनात नकाशा,
गुराडखेड्यावर तांबड्या पेन्सिलीची रेघ.
यादी उलटली, घर सतरा:
धापूबाई, वय एकोणऐंशी.
जन्मतारीख कुणी अंदाजानं टाकलेली, एक जानेवारी.

चाळीस बासनांवर मी शेरा मारला.
ट्रकमध्ये एकोणचाळीस चढली.
चाळिसावं कुठे गेलं
हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.
विचारलं, तर नाव सांगेन.